चक्क्याचं फडकं

महानंदाअक्कांनी चक्का टांगायचं फडकं घरून घडी करून आणलं होतं. मलमलीचं, नीळ देऊन वाळवलेलं. सर्व्हिस सेंटरच्या आवारात त्या आपल्याच मोटारीमागे उकिडव्या बसल्या आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसं ते धुराच्या नळीच्या तोंडाला सुतळीनं आवळून बांधलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि शेजारच्या दामोदररावांना म्हणाल्या, "हं, करा सुरू."

दामोदरराव सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बनशंकरीतल्या गल्लीपासून इथवर गाडी त्यांनीच आणली होती. वाटेत त्यांनी दोनदा सांगून पाहिलं, की अक्का, फडक्यावर काही दिसायचं नाही. अक्कांनी दोन्ही वेळा त्यांना समोर बघून चालवायला सांगितलं.

गेल्या महिन्यात पेपरात आलं होतं, की या कंपनीनं धुराचे आकडे खोटे दिले. तपासणीच्या दिवशी गाडी शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर आली की कितीतरी पट विष ओकायची. मागोमाग कंपनीचं पत्र आलं. गाडी आणा, आतला प्रोग्राम फुकट बदलून देतो, खाली सही करा.

सही घ्यायला मॅनेजर आली. सौम्या नाव, कोट घातलेली, तिशीतली. तिनं आंटी म्हटल्यावर अक्कांनी आधी ते दुरुस्त करून घेतलं. मग दामोदररावांना फॉर्म वाचायला लावला, तोही आवाराच्या कडेला सोफ्यावर बसलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज बारीक झाला.

"पुन्हा वाचा. मोठ्यानं."

गाडीमालकानं दुरुस्ती स्वखुशीनं करून घेतली असून यापुढे त्याची कंपनीविरुद्ध काही तक्रार राहणार नाही, असं होतं.

"खुशी कुठं दिसली यांना?" अक्का म्हणाल्या.

गाडी गुरगुरत होती. फडकं फुगत होतं, बसत होतं. अक्का त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तीन वर्षांपूर्वी ही गाडी दारात आली तेव्हा मागच्या काचेवरचं, स्वच्छ धुराची खूण असलेलं हिरवं पान त्यांनी गल्लीतल्या एकेकाला बोलावून दाखवलं होतं. दामोदररावांची मोटार तेव्हा जुनी होती, काळा धूर सोडायची. त्यांच्या फाटकात उभं राहून अक्का नाही नाही ते बोलल्या होत्या, पोरांच्या छातीवर उठलात इथपर्यंत. ती मोटार त्यांच्या बायकोची, कल्पनावहिनींची. वहिनी तिच्यावरच चालवायला शिकल्या होत्या, आणि त्या गेल्यावर दामोदरराव ती कुठं फारशी नेत नसले तरी रोज पुसायचे. महिन्याभरात त्यांनी ती विकली आणि अक्कांच्यासारखीच घेतली. पेपरातलं वाचल्यावरही त्यांनी अक्कांना एका शब्दानं ऐकवलं नव्हतं. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

दहा मिनिटांनी अक्कांनी सुतळी सोडली. फडकं पांढरं होतं. उन्हात धरलं, उलटं करून पाहिलं, तरी पांढरंच. सोफ्यावर कुणीतरी हसलं. मेकॅनिक हसले. सौम्यानं हसू आवरून समजावलं, की हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याचा डाग पडत नाही.

अक्कांचा चेहरा पडला, पण फार वेळ नाही.

"डोळ्यांना दिसत नाही. मग आमच्यासारखीला कळायचं कसं?"

"त्यासाठी कंपनीचं सर्टिफिकेट असतं, अक्का."

"तेच खोटं निघालं ना?"

सौम्या जवळ आली, आवाज खाली आणून बोलली. सहीची सक्ती नाही. गाडी परत घ्या म्हणून कंपनीला लिहिता येईल, नाहीतर ग्राहक आयोगात जाता येईल. पण तिथं वर्षं जातात आणि कंपनीचे वकील मोठे. त्यापेक्षा स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, थोडं सांभाळून घ्या, प्रोग्राम तासाभरात बदलून होतो.

"तुझा प्रोग्राम गाडीचा धूर बदलेल," अक्का म्हणाल्या. "खोटं लिहिलं कंपनीनं, पण गल्लीभर सांगितलं ते मी. माझ्या तोंडून खोटं बोलवून घेतलंय त्यांनी. ते कशानं बदलणार?"

सौम्यानं पेनाचं टोपण लावलं.

अक्कांनी आयोगाकडे तक्रार लिहायला कोरा कागद मागितला. दामोदररावांनी लिहायचं आणि खाली अक्का स्वतः सही करणार होत्या, चौथीत शिकवली होती तशी, एकेक अक्षर सुटं. सौम्यानं एवढंच सांगितलं, आणि ते खरं वाटेल असं सांगितलं, की आयोग पुरावा मागेल. हे फडकं दाखवाल तर उलटंच होईल.

अक्कांनी फडकं बोळा करून पिशवीत कोंबायला घेतलं.

"कोंबू नका, अक्का," दामोदरराव म्हणाले. इथं आल्यापासून ते पहिल्यांदाच आपणहून बोलत होते. "तेच दाखवायचं. इतकं पांढरं राहिलं, म्हणून तर आपण फसलो."

त्यांनी खिशातून कंपनीचा लिफाफा काढला. त्यांच्या स्वतःच्या गाडीचा फॉर्म त्यात होता, त्यावर त्यांनी घरीच सही करून ठेवली होती. तो बाहेर काढून त्यांनी सहीवर एक आडवी रेघ मारली. मग फडक्याची नीट चौकोनी घडी केली, रिकाम्या लिफाफ्यात घातली आणि वर तारीख टाकली.

अक्का त्यांच्या हातांकडे बघत होत्या.

"पाडव्याला चक्का दुसऱ्या फडक्यात टांगीन," त्या म्हणाल्या. "जेवायला आमच्याकडंच या."