तीन विटांची सॅक

तिसरी वीट सॅकमध्ये ठेवून मी चेन ओढली. नाताळच्या सुट्टीत सासुरवाडीला खाणं फार होतं, म्हणून पाठीवर वजन घेऊन रोज सकाळी चालायचं ठरवलं होतं. सासरे गोठ्यात धार काढत होते. त्यांनी पाहिलं, पण विचारलं नाही. आमचं लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालेलं. तीन वर्षं ते माझ्याशी लेकीमार्फतच बोलत. "पाव्हण्यांना भाकरी हवी का, विचार."

वळणावर शेजारच्या पारूमावशींनी अडवलं. "एकटेच निघालात? काही कमी पडलं का?"

"नाही हो मावशी, व्यायाम म्हणून वजन घेऊन चालतोय."

"असं होय," न पटल्यासारखं म्हणत त्यांनी सॅकमध्ये पेरू कोंबले. निघालेल्या जावयाला रिकामं कसं पाठवायचं? पुढच्या घरी गुळाची ढेप मिळाली. मी ओढ्यापर्यंत पोचलो, तोवर जावई रुसून चालल्याची बातमी गावभर झाली होती.

"ओ पाव्हणं, थांबा!"

सासरे अनवाणी पळत येत होते. हाताला अजून दूध. "मी बोलत नाही म्हणून काय न जेवता निघायचं?" धापा टाकत त्यांनी सॅक ओढून स्वतःच्या पाठीवर घेतली आणि मागेच झुकले. "काय भरलंय हिच्यात?"

"विटा. व्यायामाला. फिरून परतच येणार होतो."

ते खो खो हसले. सॅक मात्र परत दिली नाही.

घर दिसू लागलं तसे ते थांबले. हळूच म्हणाले, "मी पळत आलो, हे तेवढं लेकीला सांगू नका."