दिसला की, आबा

एसटी पुन्हा थांबली. पुढं उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर रस्ता बापजाद्यांचा असल्यासारखा मधोमध चालला होता. बारामती ते इंदापूर म्हणजे विमानाला वीस मिनिटं. एसटीला दीड तास, आणि कारखाने सुरू असले की देव जाणे. स्वरूपाला आज उशीरच हवा होता. मधल्या लासुर्ण्याला उतरून तिला वडिलांना, आबांना, खरं सांगायचं होतं.

खरं एवढंच, की ती आता विमान उडवत नव्हती. बारामतीला शिकायला लागून चार महिने होतायत तोच ती डोळ्यांच्या तपासणीत बाद झाली. तेव्हापासून तिथंच बारामतीच्या जळोचीत एका मेडिकलच्या दुकानात कामाला होती. घरी कोणत्या तोंडानं जायचं? धनगराची पोर विमान उडवते म्हणून आबांनी गावभर पेढे वाटले होते.

सावळाराम आबांनी मेंढरं विकून शेती धरली, पण माळावरची जुनी खूण सोडली नाही. लांबच्या माणसाला हाक पोचत नाही, तिथं डोक्याचा लाल रुमाल बोलतो. वर गरागरा फिरवला, तर सगळं खुशाल. वाकून गुडघ्याशी दोन्ही हातांनी झटकला, तर असशील तिथून माघारी ये. स्वरूपा पहिल्यांदा लासुर्ण्यावरून उडाली, तेव्हा उसाच्या कडेला गरागरा फिरणारा तो लाल ठिपका तिनं खरंच पाहिला होता. त्या दिवशी ती विमानात रडली होती.

पुढंही रोज सकाळी विमान जायचं. उडवणारं दुसरंच कोणी असायचं. संध्याकाळी फोनवर आबा विचारायचे, "दिसला का रुमाल?"

"दिसला की, आबा."

अलीकडं हे ऐकून आबा गप्प व्हायचे. तिला वाटायचं, म्हाताऱ्याचा ऊर भरून येतोय. आई कशी आहे म्हटलं, तर "हाय" एवढंच म्हणून फोन ठेवायचे.

फाट्यावर ती उतरली. मनात वाक्यं जुळवत पांदीतून वळली, तोच डोक्यावर घरघर आली. बांधावर आबा पाठमोरे उभे होते. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. तो वर गेलाच नाही. म्हातारा वाकला आणि गुडघ्याशी दोन्ही हातांनी झटकत राहिला, विमान दिसेनासं होईपर्यंत.

स्वरूपा बांधाकडं धावली.

"आबा! कवापास्नं?"

आबा वळले. आधी आभाळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. विमान कोण उडवतंय, हे त्यांनी विचारलंही नाही.

"दिवाळीपास्नं. आई अंथरुणाला खिळली तुझी. पोरीचं शिक्षान मोडंल, फोनवर एक शबूद बोलायचा न्हाय, अशी शपथ घातली तिनं. म्हनून रुमालानं सांगत हुतो."

"आबा, मी..."

"कालपतुर तुझं नाव घेत हुती. आज वाचा गेली." आबा रुमालाची घडी घालू लागले. ती काही जमेना. "तासाभराची तर वाट हाय, पोरी. रोज म्हनायचीस, दिसला. मग आली का न्हाईस?"