देवीचा खांब

वारुळाशेजारचा खांब वाळवीने पोखरला, म्हणून देवस्थानच्या मंडळाने औषध फवारणारा माणूस बोलावला होता. आमची देवी म्हणजे गाभाऱ्यातलं ते वाळवीचं जिवंत वारूळच. पूर्वजांनी त्याच्याभोवती जांभ्याच्या भिंती बांधल्या आणि फणसाच्या खांबांवर कौलारू छप्पर चढवलं. औषध मारलं की वारूळ मरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खांब मोडून छप्पर कोसळलं तर?

"मास्तरानू, मघापासून खांबाक काय बगतास?" अध्यक्ष भिवा परब म्हणाले. "बोलूचा आसा तर बोला, नायतर बाजूक व्हा."

सभेत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि माझं चुकतही असेल. पण बाकीचे फणसाचे खांब धडधाकट असताना हा एकटाच मऊ सावरीचा का, हे कोडं मला बाजूला होऊ देईना. मी स्टुलावर चढलो आणि खांबाच्या माथ्यावर, तुळईखाली हात सरकवला. खांबाचा तासलेला माथा शाबूत होता, तरी हात आरपार गेला.

"हा छपराला टेकलेलाच नाही," मी पुटपुटलो.

भिवांनी स्वतः चढून हात घालून पाहिला. खाली उतरून ते वारुळाकडे बघत राहिले.

"ह्यो खांब न्हय, तिचा जेवाण," ते हळूच म्हणाले. "आणि आमी तेच्यात इख घालूक निघाललो."

फवारणीवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. भिवा अजून खांबच चाचपत होते.

"मास्तरानू, माळार सावर उरली हा काय बगूया. ह्यो संपत इलो."