नऊ ग्रॅम

“माप शिगेला लागू दे गं बाई, मग हात आखड.” आईचा आवाज, चाळीस वर्षांपूर्वीचा. काट्यावर पाकीट चढलं की ताईला तो ऐकू यायचा. आज भावाच्या कारखान्यातली पाकिटं वजनमाप खात्याच्या निरीक्षक बाई चढवत होत्या, आणि ताईला तो ऐकू येत नव्हता.

बाई आधी भरलेलं पाकीट तोलत, मग रिकामं करून नुसतं पाकीट. बारा झाली. प्रत्येकात माल नऊ ग्रॅम कमी. रिकाम्या पाकिटाचं वजनही नऊच ग्रॅम.

धाकटा भाऊ हसत हसत सांगत होता की, रिकामं पाकीट काट्यावर ठेवून आधी शून्य करायचं असतं, तेच ताई विसरते. वय झालं तिचं.

“विसरणाऱ्या हाताला एखाद्या वेळी आठवतंही,” बाई म्हणाल्या. “हा हात एकदाही चुकलेला नाही.”

भावानं ताईकडे पाहिलं. मघाशीच तिला आतल्या खोलीत नेऊन त्यानं समजावलं होतं, वजनाचं तू अंगावर घे, दंडावर भागेल. त्यापुढचं काही निघालं तर कारखान्याला टाळं, आणि आपण दोघंही उघड्यावर.

मीच विसरले, असं ताई म्हणाली. सांगितलं तिथं सही केली. पाकिटं चिकटवून चिकटवून बोटांची टोकं मेली होती. पेन हातात आहे की नाही, हेही तिला बघून कळलं.

भावानं श्वास सोडला. चहाचं विचारलं.

बाई कागद आवरता आवरता थांबल्या. हातातल्या पाकिटावर गुबगुबीत बाळ होतं, आणि खाली ‘दूधयुक्त बालआहार’. त्यांचा कचेरीतला आवाज जरा उतरला. घरी नातीला हेच देतो, म्हणाल्या. दूध दिसलं की तोंड फिरवते पोर. अंग म्हणून धरत नाही. डॉक्टर विचारतात, दूध जातं ना पोटात? आम्ही सांगतो, जातं, यातून जातं.

गुण येतोच हळूहळू, भाऊ घाईनं म्हणाला. ताई, चहाचं बघतेस ना.

ताई उठली नाही.

“बाई, दुधाची भुकटी इथं कधी आलीच नाही,” ती म्हणाली. “तीन वर्षं मीच भरतेय. नुसतं तांदळाचं पीठ आणि साखर.”