सूचना देण्यात आली

दूध उतू गेलं.

नळ चालू राहिला.

कप फुटला.

दार लागलं, बोट सापडलं.

घरात असंच बोलावं लागतं. कुणाचं नाव घेतलं नाही की संसार सुरळीत चालतो. कारखान्याच्या कागदांवर मात्र ती असली वाक्यं टिकू देत नसे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका तीच लिहायची. 'व्हॉल्व्ह बंद करण्यात यावा' म्हटलं की चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. 'व्हॉल्व्ह बंद करा' म्हटलं की एकाचा तरी हात पुढे होतो, हे ती नव्यांना कानीकपाळी ओरडून सांगायची.

आज नवरा अपघाताच्या अहवालाचा मसुदा घेऊन तिच्या टेबलापाशी उभा होता. तो फोरमन. गेला तो तिचा धाकटा भाऊ, नवऱ्याच्याच हाताखालचा फिटर.

'व्हॉल्व्ह उघडण्याची सूचना देण्यात आली. फिटरने व्हॉल्व्ह उघडला. वाफेचा झोत अंगावर येऊन फिटर दगावला.'

"सूचना देण्यात आली," ती म्हणाली. "आणि उघडला मात्र फिटरने."

"कागदावर असंच लिहितात गं."

"अहो, आई रोज विचारते, कुणी सांगितलं होतं त्याला? काय सांगू तिला? देण्यात आली?"

तो खुर्चीवर टेकला. "मग त्यालाही काढ. 'व्हॉल्व्ह उघडला गेला.' तुझ्या हातात आहे. कुणाच्याच माथी खापर नको. माझं नाव आलं तर मी घरी बसेन. पोरांचं काय?"

तिने 'फिटरने'वर पेन टेकवलं. एवढा एक शब्द गेला की व्हॉल्व्ह आपला आपण उघडणार होता.

"आणि तो तिथे कशाला गेला होता? हवा खायला?"



तिने पहिलं वाक्य खोडलं. वर लिहिलं : 'यांनी व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं.'

लग्नापासूनची सवय. त्याला दुसरं काही म्हणणं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं, हातालाही नाही.

तो कागदाकडे बघत राहिला.

"'यांनी' म्हणजे कुणी, ते कळायचं नाही कुणाला," तो हळूच म्हणाला. "नीट लिही."

तिने 'यांनी' खोडून 'फोरमनने' लिहिलं.

त्या दिवशी वाफेत शिरून भावाला बाहेर ओढून आणलं होतं, तेही फोरमननेच.