सातशे मैल

कस्तुराबाई दौंडच्या रेल्वे चाळीत पोचली तेव्हा तिचा थोरला भाऊ हौसराव अंगणात जमलेल्या माणसांना विमानाचं गणित समजावून देत होता.

"दिल्ली ते मुंबई सातशे मैल. आगगाडीला दिवस आन् रात्र लागती. विमानाला निस्तं तीन तास! आपला ज्योतिबा आता उतरलाच आसंल सांताक्रूझला. सांजच्याला दौंडात."

"वरनं आपलं दौंड दिसतं का हो?" कुणीतरी विचारलं.

"ढगावरनं जातंय ते," हौसराव म्हणाला. जन्म गार्डाच्या डब्यात काढलेला माणूस. पण बोलला असं, जशी काही रोजचीच खेप.

कस्तुराबाईनं डोक्यावरची पाटी उंबऱ्याशी ठेवली. पाटीत वाकळेच्या तुकड्यात गुंडाळलेलं पेजेचं गाडगं होतं. आई आजारी आहे एवढंच तिला ठाऊक. तेही काल तिच्या सासरी, निमोण्यात बांगड्या भरायला आलेल्या रोशनबीनं सांगितलं म्हणून. धाकटा भाऊ ज्योतिबा दिल्लीहून येतोय, म्हातारी उठून बसेल, असं मनात येतंय तोवर तिची नजर दारातून आत गेली. आईच्या हनुवटीला फडकं बांधलेलं होतं.

"कवा?" तिनं विचारलं.

"काल दिस मावळताना. ज्योतिबासाठी ठिवलीया. त्याला तीन दिसांमागंच तार केली हुती, काल परत दुसरी केली."

"आन् मला, दादा?"

"तुझं काय कस्तुरे, तू तर जवळच हायेस. कवाबी येशील."

आत भिंतीशी रोशनबी बसली होती. ती हळूच म्हणाली, "सुद हुती तवर तुझंच नाव घेत हुती."

कस्तुराबाई आईच्या उशाशी बसली. बायका अजून रडत नव्हत्या. ज्योतिबा आल्यावरच रडायचं, असं बहुतेक ठरलं असावं.

तेवढ्यात तारवाला आला. हौसरावानं तार दोनदा वाचली.

"दिल्लीत धुकं हाय. विमान उडालंच न्हाई. थांबू नका म्हणतोय."

सिग्नल पडावा तशी माणसं उठली. हौसरावानं तुळशीच्या पानानं आईच्या ओठांवर पाणी सोडलं. मग परत एकदा सोडलं.

"हे ज्योतिबाच्या वाटचं."

मग तांब्या कस्तुराबाईकडं आला. तिनं सोडलेलं पाणी आत गेलं नाही, गालावरून ओघळलं. तिनं ते पदरानं टिपलं.

आईला घेऊन माणसं गेली. बायकांनी घर धुवायला काढलं. उंबऱ्याशी अडखळून एकजण करवादली, "हे मधीच कुणाचं गाडगं गं?"

कस्तुराबाईनं ते उचलून पोटाशी धरलं.

पेज अजून कोमट होती.