तिसऱ्या गिअरमधला जावई

"आधी स्पार्क प्लग म्हणजे काय ते सांगा," आप्पासाहेब म्हणाले. "लग्नाचं नंतर बोलू."

बजरंगनं सांगितलं. चुकीचं सांगितलं. तो पाणीपुरवठा खात्यात कारकून होता; तिथे ठिणगीचा संबंध येत नाही.

आप्पासाहेब धनकवडीची जमीन विकून नारायण पेठेत राहायला आले होते. येताना त्यांनी पत्नी मथुराबाई, मुलगी मंदाकिनी आणि लष्कराच्या लिलावातला एक अमेरिकन पिकअप आणला. सहा सिलिंडरचा. त्यातले चार चालत. तो घराच्या दारात उभा असला की गल्लीत सायकलसुद्धा आडवी करून न्यावी लागे, आणि आप्पासाहेब ओट्यावरून ते समाधानानं बघत.

"कात्रजचा घाट," ते म्हणाले. "खालच्या नाक्यापासून बोगद्यापर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये. गाडी मी चालवणार. मध्ये मला गिअर बदलावा लागला, तर मी स्थळही बदलीन. दुरुस्तीचं सामान तुमचं, हात तुमचे."

"पण मला इंजिनातलं काही येत नाही."

"संसारातलं येतं?"

बजरंगला तोवर अकरा ठिकाणांहून नकार आला होता. मंदाकिनीला त्यानं पोह्यांच्या बशीपलीकडे एकदाच नीट पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर तो कसबा पेठेत रज्जाकमिस्त्रींच्या गॅरेजात गेला.

"इंजिनाची ताकद वाढवायचीय," तो म्हणाला.

रज्जाकनं त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "नवीन आहात?"

"अगदी."

"मग इंजिन खोलू नका. खोलणारे नवशिके ते आमच्याकडे टोपलीत घेऊन येतात. आधी नाक साफ करा, म्हणजे एअर फिल्टर. मग ठिणगी. मग घसा, म्हणजे सायलेन्सरचा पाइप. ताकद आत असतेच, साहेब. माणसंच तिला कोंडून ठेवतात."

बजरंगनं हे वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

पहिल्या रविवारी फिल्टरमधून पावशेर माती निघाली. पिकअप दुसऱ्या वळणापर्यंत गेला आणि धापा टाकत थांबला.

"माती काढायला बी. ए. व्हावं लागतं का हो?" आप्पासाहेबांनी विचारलं.

दुसऱ्या रविवारी सहा नवे प्लग आले. फटी ब्लेडच्या पात्याइतक्या ठेवाव्यात की पोस्टकार्डाइतक्या, यावर बजरंगचा सबंध आठवडा गेला होता. कित्येक वर्षांनी सहाही सिलिंडर एकदम बोलले. समोरच्यांनी दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लावली: 'येथे माणसे राहतात.' पिकअप तिसरं वळण ओलांडून थांबला.

तिसऱ्या रविवारी रुंद पाइपाचा सायलेन्सर बसला. त्या दिवशी गाडीखाली झोपलेल्या बजरंगला ब्रेक कोरे करकरीत दिसले.

"हे कुणी केले?"

"तुमच्या आधीच्या स्थळानं," आप्पासाहेब ओट्यावरून म्हणाले. "रेडिएटर त्याच्या आधीच्यानं. दोघंही घाटात नापास. मुलं चांगली होती, पण दम नव्हता."

बजरंगला त्या दोघांची मनापासून कीव आली.

चहा मंदाकिनी आणायची. कप मडगार्डवर ठेवून ती हळूच विचारायची, "चढेल ना हो?"

"चढेल."

"या रविवारी?"

"या नाही तर पुढच्या."

"त्याच्या पुढं नको जायला. मग मुहूर्त नाहीत."

एवढ्या बोलण्यावर बजरंगचे सहा दिवस जात. कचेरीत त्यानं एका तक्रारअर्जावर 'कार्बोरेटर तपासावा' असा शेरा मारला. साहेबांनी त्यावर सही केली.

चौथ्या रविवारी त्यानं कार्बोरेटरचं पेट्रोल सोडणारं जेट एक नंबरानं मोठं केलं आणि ठिणगीची वेळ किंचित पुढे आणली. जास्तच आली. इंजिन खडखडायला लागलं.

"मागं घ्या," रज्जाक म्हणाला. "हाव धरली की पिस्टन जातो. माणसाचंही तेच."

पाचव्या रविवारी आप्पासाहेबांनी सगळं घर बरोबर घेतलं. मागे हौद्यात सतरंजीवर मथुराबाई, मांडीवर पेढ्यांचा पुडा. शेजारी हिरवी साडी नेसलेली मंदाकिनी. बजरंगनं ते दोन्ही पाहिलं आणि पुढे बसताना त्याचा गुडघा दारावर आपटला.

नाका गेला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर आप्पासाहेबांचा हात गिअरकडे गेला आणि तसाच परत आला. इंजिन एका सुरात वर चढत होतं. एक एस.टी. मागे पडली. बोगद्याचं तोंड समोर आलं तेव्हा बजरंगच्या डोळ्यांत पाणी होतं. खिडकी उघडी असल्यामुळे ते खपून गेलं.

बोगद्यापाशी फेटे बांधलेली चार माणसं उभी होती.

"शिरवळचे पाहुणे," आप्पासाहेब म्हणाले. "मुद्दाम बोलावून घेतलेत."

सुपारी इथेच फुटणार, हे बजरंगनं ओळखलं. तो चौघांच्याही पाया पडला. त्यांतल्या वडीलधाऱ्या दत्तोबांनी बॉनेट उघडायला लावलं. बजरंगनं दहा मिनिटं एकेक भाग दाखवला, कशानं किती जोर वाढला ते सांगितलं. दत्तोबांनी चाकांना लाथ मारून पाहिली, बजरंगकडेही एकदा पाहिलं.

"पसंत हाय," ते म्हणाले.

मथुराबाईंनी पेढे वाटले. बजरंगनं मान खाली घालून एक घेतला.

"हुंड्याच्या आमी इरोधात हाय," दत्तोबा पेढा खात म्हणाले. "आन आता कायदा बी झालाय. लेक घाटापल्याड नांदाया येनार, तवा तिच्यासंगं घाट चढनारी गाडी तेवढी द्या, येवढंच म्हनलं व्हतं. ये रं संपत, बस म्होरं. चालवून बघ."

फेटेवाल्यांतला सर्वांत तरुण पुढे आला आणि स्टिअरिंगमागे बसला. मंदाकिनी हौद्यातून उतरली, पदर सावरला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"बजरंगराव," आप्पासाहेब म्हणाले, "तुमच्या एस.टी.ला वेळ आहे. तोवर आमच्या जावईबापूंना चोक कधी ओढायचा तेवढं सांगून ठेवा."